दुकानातून, धैर्यशीलला

रात्री साडेअकराला फोन केलास
आणि पहिलंच वाक्य, 'दादा, हे खाईना झालंय.'
आईनं नाव तेवढं भारदस्त ठेवलं तुझं, धैर्या,
दोन वर्षांच्या पोरानं चार घासांत उतरवलं.

ऐक. आरी ठेवलीय बाजूला.
वादी ओली आहे अजून, थांबेल.

ताट घेऊन गच्चीवर पळू नकोस त्याच्या मागं.
कावळा दाखवून ढकललेला घास पोटात जातो,
भूक म्हणजे काय ते कळायचं राहतं.
वाटीत दोन चमचे भात ठेव, शेजारी मांडी घाल,
आणि तू जेव.
तुझी बोटं रश्श्यात बुडलेली बघून येईल.
नाही आलं तर नाही आलं.
सकाळी गंगावेशीत म्हशीची धार बघायला ने,
दूध मात्र घरी आणून तापव.
अंग तापलं, लघवी कमी झाली, मान टाकली
तर माझं काही ऐकू नकोस,
रिक्षा कर आणि सीपीआर गाठ.

बाजारात आडवं पडतं म्हणतोस.
आमची मुक्ता रंकाळ्यावर पडली होती
भेळेच्या गाड्यापुढं, नव्या फ्रॉकसकट, एका फुग्यापायी.
वाटलं, सगळी चौपाटी मलाच बघतीय.
कोण बघत नव्हतं रे.
ज्यांना पोरं होती ती भेळ संपवत होती घाईघाईनं,
आपलं उठायच्या आत.
मी उकिडवा बसलो. आपल्या धंद्यात ते बरं जमतं.
'फुगा पाहिजे होता ना? लई पाहिजे होता.
आज नाही घ्यायचा.'
एवढंच. भाषण नाही.
रंकाळ्याला तळ आहे, तसा रडण्यालाही असतो,
आपण काठावर बसून राहायचं.

आणि पोलीस येईल म्हणून भ्या घालू नकोस.
उद्या जोतिबाच्या गर्दीत हात सुटला
तर त्याच खाकीकडं धावायचंय त्याला.
सुईच्या वेळी 'काय होत नाही' म्हणू नकोस. होतं.
'दुखेल, मी धरून ठेवतो' म्हण.
आणि धर.

चपला उलट्या घालतं? घालू दे की.
वीस वर्षं चपला शिवतोय मी,
डावी-उजवी पायालाच कळते,
चार पावलं गेल्यावर.
तू फक्त दारात दोन मिनिटं आधी उभा राहा.
घाई आपली असते, त्यांची नसते.

आता सांगतो ते कुणाला बोलू नकोस.
गेल्या दिवाळीच्या तोंडावर मुक्तानं
रंगाचा डबा पालथा घातला,
बारा जोड तयार, पुण्याची ऑर्डर.
माझा हात उठला.
दिवसभर चामडं ठोकणारा हात,
हलका कसा पडेल?
ती रडली नाही लगेच. आधी माझ्याकडं बघितलं.
ते बघणं अजून या दुकानातच आहे,
फळीवर, त्या बारा जोडांच्या जागी.

संध्याकाळी म्हणालो, 'चुकलो बाळा.
रंग सांडला ते बरं नाही झालं,
पण मारलं ते माझं चुकलं.'
तीन वर्षांची ती.
तिनं माझा हात ओढून घेतला
आणि त्याच्यावर फुंकर घातली.
तिला वाटलं, मलाच लागलंय.

तेव्हापासून राग आला की तिला बायकोकडं देतो,
मोरीत जातो, तोंडावर पाणी मारतो,
वीस आकडे मोजतो.
कधी चाळीस लागतात.
घरी कोणी नसेल तर पाळण्यात ठेव, दार उघडं ठेव,
दोन मिनिटं उंबऱ्यात बस.
रडू दे. तुझा श्वास जाग्यावर येऊ दे.

झोपलं म्हणतोस ते?
कधी?
मग इतका वेळ फोन का धरलायस कानाला, येड्या?
तुझाच भात गार झाला असेल ओट्यावर.
जा, गरम करून खा.
वादी वाळायला लागली माझी.